उमादेवींची कॉन्टेसा

लोहा गावच्या पेट्रोल पंपावरचा माणूस कॉन्टेसाभोवती एक पूर्ण चक्कर मारून आला. लांबलचक बॉनेटवरून त्यानं हात फिरवला, पुढच्या गोल दिव्यात वाकून स्वतःचा भांग बघितला, आणि स्टेअरिंगवर बसलेल्या उमादेवींना ओलांडून डाव्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"साहेब, ओरिजनल हाय का? किती देते लिटरला?"

डाव्या सीटवर वसंतराव होते. मांडीवर डब्याची पिशवी, तोंडात बडीशेप. त्यांनी नेहमीसारखी मान हलवली. ही त्यांची मान अशी हलते की तिच्यातून 'हो' बी निघतं, 'नाही' बी निघतं आणि 'तुम्हीच ठरवा' बी निघतं.

"चांगली चालते," वसंतराव म्हणाले.

"लई भारी ठेवली बरं का साहेब तुम्ही!"

उमादेवींनी हॉर्न दाबला. कॉन्टेसाचा हॉर्न म्हणजे आजकालच्या गाड्यांची पिपाणी नाही. पंपावरची दोन कबुतरं उडाली.

"ए बाबा. चावी माझ्या हातात हाय, स्टेअरिंग माझ्या हातात हाय. विचारायचं असंल तर हिकडं तोंड कर की."

"हाव काकू, हाव," तो घाबरून म्हणाला, आणि परत डाव्या खिडकीत वाकून हळूच विचारता झाला, "काकू चिडल्या का ओ, साहेब?"

उमादेवींनी गाडी अशी काढली की त्याच्या हातातला फडका वाऱ्यानं उडाला.

लातूरपासून हे तिसऱ्यांदा. चाकूरला चहावाला, अहमदपूरच्या बायपासला दोघं मोटरसायकलवाले, आता हा. बायको गाडी चालवतेय हे दिसत असून माणसं नवऱ्याशी बोलतात. बाई स्टेअरिंगला चुकून धरून बसलीय आणि गाडी पलीकडचा माणूस मनातल्या मनात चालवतोय, असंच त्यांना वाटत असावं. आणि हे आजचं नव्हतं. कॉन्टेसा नवी कोरी होती तेव्हापासूनचं होतं.

गाडी आणली होती उमादेवींच्या वडिलांनी, आप्पासाहेबांनी. निलंग्याच्या पलीकडं, जिथं अर्ध्या गावाची शिवी मराठीत सुरू होऊन कानडीत संपते, तिथं त्यांचा ऊस. ऐंशीचं दशक संपायला आलं होतं. तालुक्यात तोवर मोटार म्हणजे जीप, नाहीतर डॉक्टरांची अ‍ॅम्बॅसेडर. त्यात हे मरून रंगाचं, पाच गेरचं, नाक पुढं काढून उभं राहणारं धूड आलं, तेव्हा आठवडी बाजार सोडून माणसं आप्पासाहेबांच्या अंगणात येऊन बसली. सगळ्यांचा एकच सवाल. "आप्पा, तुमाला पोरगा न्हाई. चालवणार कोण?"

"हाय की," आप्पासाहेब म्हणाले. "अव्वा हाय."

तिकडच्या घरात लाडक्या लेकीला अव्वा म्हणतात. अव्वा म्हणजे उमादेवी, तेव्हा लातूरला फिजिक्स शिकत होत्या. माणसं हसली. आप्पासाहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशीपासून ते डाव्या सीटवर बसू लागले, हातात उसाचं टिपरं घेऊन. गेर चुकला की टिपरं डॅशबोर्डवर आपटायचं. "अव्वा, कान कुठं हाईत? ती सांगून राहिली न्हवं, गेर बदल म्हणून! ऐक की तिचं!" स्टेअरिंग इतकं जड की ते ओढून ओढून उमादेवींच्या दंडात बळ आलं. कासार म्हणाला, पोरीच्या मापाच्या बांगड्या आता वेगळ्या आणाव्या लागतील. त्यावर आई रडली आणि आप्पासाहेबांनी कासाराला गूळ दिला.

लग्नात आप्पासाहेबांनी गाडी लेकीच्या नावावर केली. जावईबापूंना बी शिकवायला घेतलं. वसंतराव पाटबंधारे खात्यात कारकून, स्वभाव गाईचा. पहिल्याच दिवशी त्यांनी ब्रेक समजून भलताच पाय दाबला आणि कॉन्टेसा कडब्याच्या गंजीत शिरली, पार मागच्या काचेपर्यंत. आत वसंतराव, वर कडबा. बाहेर काढले तेव्हा केसांत धाटं, आणि तोंडातून एकच वाक्य. "मला हे नको."

नको तर नको. उमादेवींचं काही म्हणणं नव्हतं. त्या लातूरला कॉलेजात शिकवायला लागल्या, नवऱ्याला रोज ऑफिसच्या दारात सोडायच्या आणि पुढं जायच्या. पण ऑफिस म्हणजे ऑफिस. महिन्याच्या आत वसंतरावांचं नाव पडलं, क्लीनर. "काय क्लीनर, आज मालकिणीनं लवकर सोडलं?" "क्लीनर, काच पुसली का?" वसंतराव घरी येऊन जेवायचे नाहीत. मग हळूहळू त्यांना एक युक्ती सापडली. अनोळखी माणसानं 'साहेब, गाडी तुमची का?' विचारलं की मान हलवायची. खोटं तर बोलायचं नाही. फक्त मान हलवायची. समोरचा खूश, आपण खूश.

उमादेवी सोडून सगळे खूश.

त्यांनी गाडी मात्र सांभाळली ती रागानंच. लग्नसराईत भाचे-पुतणे यायचे, "मावशी, परण्याला गाडी पायजे. ड्रायव्हर आमचा हाय, तुमी फकस्त चावी द्या." नवरदेवाला मारुतीच्या देवळापर्यंत वाजतगाजत नेणारा तो परण्या, पुढं डीजे, मधी नाचणारी पोरं, आणि त्यांच्या मागं मुंगीच्या पायानं गाडी. उमादेवी दारातूनच ओरडायच्या. "ही पळायला केलेली गाडी हाय रे! बँडच्या मागं रांगायला बैल न्या! आणि फुलं चिकटवायला माझ्या रंगावर टेप लावला तर हात तोडीन." अर्ध्या नात्यात त्यांच्याशी अबोला होता. रंग मात्र अजून कंपनीतून आला तसा.

तर अशा बाईला नांदेडच्या हरिओमचा फोन आला. म्हणजे बाईला नाही, वसंतरावांना आला. हरिओम म्हणजे चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा, जुन्या गाड्यांचं वेड. लातूरच्या बाजारात त्यानं कॉन्टेसा बघितली आणि रीतीप्रमाणे डाव्या खिडकीतून नंबर घेतला. बोलायचा असा, जणू दर वाक्याला कुणी त्याला ढकलतंय.

"काका, नांदेडला शो ठेवून राहिलो आपण! 'दम ऐंशीचा'! ऐंशीतल्या फक्त पळणाऱ्या गाड्या काका, पद्मिनी-बिद्मिनी नक्को आपल्याला! हैदराबादहून स्टँडर्ड टू थाउजंड येऊन राहिली! तुमच्या कॉन्टेसाबिगर मजाच न्हाई काका!"

उमादेवींनी त्या दिवशी नवऱ्याला समोर बसवलं. आवाज चढवला नाही, आणि म्हणूनच वसंतराव जास्त घाबरले.

"मी आजवर तुमच्याकडून काय मागितलं? काहीच न्हाई. एवढं एक करा. त्या पोराला सांगा, गाडी उमादेवींची. आणली त्यांच्या वडलांनी, चालवतात त्या. माइकवर त्यांचं नाव घ्या. मैदानात चक्कर त्या मारतील. एवढंच. जमंल का?"

"सांगतो की," वसंतराव म्हणाले.

"मान नका हलवू. तोंडानं म्हणा."

"सांगतो म्हणलं की, उमा."

आणि आता विष्णुपुरी ओलांडून नांदेड लागलं, आणि चौकात फ्लेक्स लागलं. हे एवढं मोठं, दोन विजेच्या खांबांना बांधलेलं. वर आगीच्या ज्वाळा, ज्वाळांतून बाहेर येणारी कॉन्टेसा, आणि कॉन्टेसाच्या वर ढगांत वसंतराव. पासपोर्टचाच फोटो, पण फ्लेक्सवाल्यानं त्याला काळा गॉगल घातला होता. खाली अक्षरं: 'कॉन्टेसा किंग! मा. श्री. वसंतरावजी साहेब, लातूर, यांचे नंदिग्राम नगरीत सहर्ष स्वागत!'

उमादेवींनी गाडी बाजूला घेतली. मागून एका ऑटोनं शिवी दिली, ती त्यांना ऐकू बी आली नाही.

"तुम्ही सांगितलं न्हाई."

"सांगणारच होतो. पण तो पोरगा मला बोलूच देईना बघ. काका काका काका काका..."

"बोलू दिलं न्हाई, मग फोटो कसा गेला?"

वसंतरावांनी पिशवीची गाठ सोडली, परत बांधली.

"मागितला त्यानं. दिला."

"हुच्च!" उमादेवींना फार राग आला की माहेरची कानडी वर येते, आणि तिच्यातला हा वेडा म्हणायचा शब्द नवऱ्यासाठी राखून ठेवलेला असतो. "सात-आठ शब्दांचं काम होतं ओ! सात-आठ! एवढे शब्द तर तुम्ही भाजीवाल्याला कोथिंबीर मागताना खर्च करता!"

परत फिरावं असं त्यांच्या मनात आलं. हात स्टेअरिंगवर वळला बी. पण इतक्या लांब गाडी आणली ती काय फ्लेक्स वाचून परत न्यायला? मैदानात माणसं असतील, माइक असेल. अजून वेळ गेलेली नव्हती.

"मैदानात गेल्यावर सांगायचं. सगळ्यांसमोर. न्हाईतर मी सांगीन, आणि मी कशी सांगते तुम्हाला म्हाईत हाय."

वसंतरावांनी मान हलवली.

कॉलेजच्या मैदानावर चुन्याचे पट्टे, बांबूचे अडसर, एका कडेला मांडव घालून स्टेज. गेटवर शिट्टी घेतलेला एक पोरगा डाव्या खिडकीशी धावत आला. "काका, सरळ घ्या! काका, आता मागं! काका, उजवीकडं तोडा, तोडा, तोडा!"

"उमा, उजवीकडं तोडायला सांगून राहिला," वसंतरावांनी निरोप दिला.

"मला कान हायत!"

गाडी रांगेत लागली. शेजारी हैदराबादची ती चंदेरी स्टँडर्ड, पलीकडं देगलूरहून आलेली पांढरीशुभ्र वन एटीन एनई, आणि शेवटाला अंगभर स्टिकरं लावलेली जिप्सी. स्टँडर्डवाल्यानं इंजिन चालू केलं आणि पाय दाबला. तो आवाज ऐकून उमादेवी क्षणभर सगळं विसरल्या. डोळे मिटून, मान जराशी तिरपी करून त्या उभ्या राहिल्या, एखादं माणूस गाण्यात सूर कुठं लागतो बघतं तशा. मग डोळे उघडले तर स्टँडर्डवाला वसंतरावांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना बॉनेटच्या आत काहीतरी दाखवत होता, आणि वसंतराव इतक्या मन लावून बघत होते की जणू आयुष्यभर त्यांनी दुसरं काही बघितलंच नाही.

तेवढ्यात स्पीकर खरखरला. माइकवर अनिमेष सर होते. क्लासेसमध्ये इंग्रजी शिकवतात, आणि गावातला एकही सत्कार त्यांच्या घशातून गेल्याशिवाय पूर्ण होत नाही.

"हॅलो... हॅलो चेक... रसिकहो! जिची चाल म्हणजे वाघिणीची चाल, जिचा रंग म्हणजे पेटता पळस, ती कॉन्टेसा! आणि तिला आपल्या पोलादी मनगटात ज्यांनी लगाम घातला, ते लातूरचे ढाण्या वाघ, वसंतरावजी साहेब! जोरदार टाळ्या!"

वसंतरावांचं मनगट कसं आहे ते उमादेवींना ठाऊक होतं. लोणच्याच्या बरणीचं झाकण सुद्धा त्या मनगटाला उघडत नाही.

पोरांनी वसंतरावांना स्टेजवर नेलं. एकानं धरलं, दुसऱ्यानं फेटा बांधला. भगवा, वर हा एवढा तुरा. शाल आली, नारळ आला, ट्रॉफी आली. उमादेवी खालून बघत होत्या. सांगतील. आता सांगतील. फेटा बांधून होऊ दे, मग सांगतील.

"आणि साहेबांच्या प्रत्येक वळणावर ज्यांनी त्यांना मोलाची साथ दिली," अनिमेष सर म्हणाले, "त्या आपल्या वहिनीसाहेबांची ओटी भरण्यासाठी मी तनुजाताईंना विनंती करतो!"

वळणावर साथ! तनुजा नावाची पोरगी ताट घेऊन आली. हळद, कुंकू, खण, तांदूळ, नारळ. गोड पोरगी होती, तिच्यावर काय चिडायचं? उमादेवींनी पदर पुढं केला. ऐंशीतल्या पळणाऱ्या गाड्यांच्या शोमध्ये गाडीवाल्या बाईच्या पदरात तांदूळ पडले, आणि ज्याला गेर कुठला आणि वायपर कुठला ते कळत नाही त्याच्या डोक्यावर तुरा डुलत राहिला.

"साहेब, एकच प्रश्न!" अनिमेष सरांनी माइक वसंतरावांच्या नाकाशी धरला. "या वाघिणीला जास्तीत जास्त किती पळवलीत?"

वसंतरावांनी खाली बायकोकडं बघितलं. ओठ हलले. मग मान हलली.

"पळते... चांगली पळते."

टाळ्या.

"आता साहेब स्वतः मैदानाला एक चक्कर मारतील! सावकाश, बैलगाडीच्या चालीनं, म्हणजे सगळ्यांना फोटो काढता येतील!"

उमादेवी स्टेजच्या पायऱ्या चढल्या. पदरात ओटी तशीच, एका हातानं ती धरलेली. दुसऱ्या हातात चावी. त्यांनी चावी नवऱ्यासमोर धरली.

"घ्या, साहेब. मारा चक्कर."

माइक जवळच होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

वसंतराव चावीकडं बघत राहिले. तुरा थरथरायला लागला. मग त्यांनी हळूच तोंड माइककडं नेलं, आणि तीसेक वर्षांत पहिल्यांदा मान न हलवता बोलले.

"मला येत न्हाई."

आणि अख्खं मैदान हसलं. खो खो करून, मांडीवर थापा मारून.

"साहेब मजाक करून राहिले!" हरिओम ओरडला. "लई भारी काका! कॉन्टेसा किंग म्हणतो मला येत न्हाई!"

"खरंच येत न्हाई. मी कधीच..."

पुढचं डीजेत बुडालं. दोघा पोरांनी वसंतरावांना खांद्यावर उचललं, वाजतगाजत गाडीकडं नेलं, आणि उमादेवींच्या हातातली चावी घेऊन, उजवं दार उघडून, फेट्यासकट आत बसवलं, चावी बी लावून दिली. वसंतराव स्टेअरिंगसमोर असे बसले होते जसं माणूस डेंटिस्टकडं बसतं. घाबरून त्यांनी कसला तरी दांडा ओढला. वायपर चालू झाले. कोरड्या काचेवर, कर्र कर्र.

ते कर्र उमादेवींच्या काळजावरून गेलं. आप्पासाहेबांनी ज्या काचेवर कधी धूळ बसू दिली नव्हती! त्या गर्दीतून अशा आल्या की माणसं आपोआप बाजूला झाली. दार उघडलं.

"उतरा."

वसंतराव उतरले. उतरून गुमान गाडीला वळसा घालून, सवयीनं, डाव्या दाराशी गेले.

"तिकडं बी न्हाई."

"उमा..."

"तिथं किंग बसत न्हाईत. व्हा बाजूला!"

त्यांनी ओटीतले तांदूळ, खण, नारळ, सगळं पदरातून डाव्या सीटवर ओतलं. वायपर बंद केले. चावी फिरवली. हरिओम खिडकीशी धावला, या खेपेला उजव्या. "काकू, सावकाश हां, बैलगाडीसारखं..."

"बाळा, ही बैल लावून पळत न्हाई."

पहिला गेर, आणि लगेच दुसरा. कॉन्टेसाचं मागचं अंग जरासं बाजूला सरकलं, मातीत रुतलं, आणि मग ती सुटली. चुन्याच्या पट्ट्यांमधून, बांबूच्या आतून, इतक्या आवाजात की डीजेवाल्यानं स्वतःहून गाणं बंद केलं. पहिल्या वळणावर धुळीचा लोट उठला तो थेट स्टेजवर, पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर, अनिमेष सरांच्या उघड्या तोंडात. दुसऱ्या वळणावर शिट्टीवाल्याची शिट्टी तोंडातच राहिली. पोरांचे मोबाइल वर गेले आणि ओरडा उठला. उमादेवींना त्या ओरड्याचं सुख वाटलं नाही. अजून राग होता, उलट वाढलाच होता. यांना आता दिसलं! मैदानात माती उडवून दाखवली तेव्हा दिसलं! रोज गुपचूप नीट चालवली, ती कुणाला दिसली नाही!

एक चक्कर झाली. गेट उघडं होतं. त्या थांबल्या नाहीत.

मागून स्पीकर खोकत खोकत म्हणत होता, "रसिकहो... खॉक्... आणि या होत्या... साहेबांच्या... साहेबांच्या मिसेस..."

विष्णुपुरीच्या पुढं रस्त्याकडेला रसवंती होती. तिथं त्या थांबल्या. थांबायचं नव्हतं, पण धुळीनं घसा कोरडा पडला होता. फोन वाजत होता. दोनदा वाजू दिला, मग उचलला.

"रसवंतीपाशी हाय मी. एक ग्लास पिऊन होईस्तोवर थांबते. मग न्हाई. ट्रॉफी आणू नका."

ग्लास संपला. दुसरा घेतला, तो बी हळूहळू. शेवटी एक ऑटो येऊन उभा राहिला आणि वसंतराव उतरले. फेटा काढून काखेत धरलेला, त्याची सुटलेली चार हात शेपटी ऑटोतच अडकलेली. ऑटोवाल्यानं ती सोडवून दिली. मग त्याची नजर कॉन्टेसावर गेली आणि भाड्याचा त्याला विसरच पडला. वाकून, डोळे बारीक करून, त्यानं अर्थातच वसंतरावांनाच विचारलं.

"काका, तुमची का? काय चीज हाय बे! इंजिन कुठलं हाय?"

उमादेवींनी ग्लास आपटला. वसंतरावांची मान हलायला लागली होती. ती अर्ध्यावर थांबली.

"माझी न्हाई," ते म्हणाले. "त्यांची हाय. त्यांच्या वडलांनी आणली, त्या चालवतात. आधीपासून. मला गाडी येत न्हाई."

"मग तुमी कोण?"

ऑफिसातला जुना हशा वसंतरावांच्या कानात वाजला असणार, चेहऱ्यावरून कळत होतं.

"मी शेजारी बसतो," ते म्हणाले.

ऑटोवाला हसला नाही. त्याला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. तो सरळ उमादेवींकडं वळला. "मॅडम, इंजिन कुठलं हाय?"

आता बिचाऱ्यानं सहज विचारलं होतं. पण त्याला काय ठाऊक, या एका प्रश्नाचं उत्तर बाईंच्या पोटात किती वर्षं साठून होतं. उमादेवी उठल्या. बॉनेट उघडलं. इंजिन जपानी कंपनीचं, अठराशे सीसीचं, ते कसं आलं, त्याचा पाचवा गेर कशासाठी, कार्बोरेटरला काय चालतं आणि काय चालत नाही, हिवाळ्यात चोक किती ओढायचा, आप्पासाहेब कुठल्या आवाजाला टिपरं आपटायचे, सगळं. आवाज तापलेलाच होता, मधूनच "आणि हे लोक विचारतात किती देते!" असं ओरडणं चालू होतं. ऑटोवाल्यानं दोनदा "बरं मॅडम, निघू का" म्हणून बघितलं.

"थांब," उमादेवी म्हणाल्या. "अजून मागच्या अ‍ॅक्सलचं सांगायचं ऱ्हायलं."

मग मान न वळवताच नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही काय बघून राहिले? त्याला रस सांगा एक. आणि सीटवरचे तांदूळ झाडा. मी अजून तुमच्याशी बोलत न्हाई."

"झाडतो की," वसंतराव म्हणाले, आणि फेट्याच्या शेपटीनं सीट झाडायला लागले.